क्षोभी आतडे आणि दैनंदिन जीवन

मनुष्याच्या आजारांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. काही आजार शरीरात आपली खूण ठेवतात: व्रण पडतो, गाठ येते, सूज दिसते किंवा रक्तात दोष सापडतो. दुसऱ्या वर्गातील आजारांत अवयवाची रचना जशीच्या तशी असते. बिघडलेले असते ते त्याचे काम. घड्याळाचे एकही चाक मोडलेले नसावे आणि तरीही ते कधी पुढे धावावे, कधी मागे पडावे, असा हा प्रकार असतो. पोटाच्या जुनाट तक्रारी घेऊन वैद्याकडे जाणाऱ्या पुष्कळ लोकांचा आजार या दुसऱ्या वर्गात मोडतो. इंग्रजीत त्याला ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ असे म्हणतात आणि ‘आयबीएस’ हे त्याचे संक्षिप्त नाव आता आपल्याकडेही रूढ झाले आहे. या प्रकरणात आपण त्याला ‘क्षोभी आतडे’ असे म्हणू.

हा आजार जीव घेत नाही. त्याचे कर्करोगात रूपांतर होत नाही आणि त्यामुळे आयुष्यही घटत नाही. परंतु माणसाचे जगणे मात्र त्याच्यामुळे आकसत जाते. सकाळी तीनदा शौचाला जाऊनही पोट साफ झाल्यासारखे न वाटणारा कारकून रोज कचेरीत उशिरा पोहोचतो. एखादी शिक्षिका शाळेच्या सहलीबरोबर जाणे टाळते. लग्नसमारंभाची पंगत, लांबचा बसप्रवास, परीक्षागृहातील तीन तास या साऱ्यांची धास्ती वाटू लागते. हळूहळू माणूस आपले बेत पोटाला विचारून ठरवू लागतो.

या आजाराविषयी दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली ही की, तो खरा आहे. आणि दुसरी ही की, तो घातक नाही. रुग्णाचे बरेचसे हाल यांपैकी एकच गोष्ट मान्य केल्यामुळे होतात. आप्तेष्ट ‘सगळे तपास चांगले आले, म्हणजे तुला काही झालेले नाही’ असे म्हणून त्याच्या वेदना नाकारतात. रुग्णाला मात्र वेदना खऱ्या असल्यामुळे आत काहीतरी भयंकर दडलेले आहे असे वाटत राहते आणि तो एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हिंडतो. या दोन्ही चुका टाळून या आजारासह नीटपणे कसे जगता येईल, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

आजाराची ओळख

मल कधी बांधलेला तर कधी पातळ होणे, ही तक्रार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीदोषाचे जे वर्णन आहे, त्यात ती आढळते. अर्थात ग्रहणी या नावाखाली आजच्या दृष्टीने भिन्न असलेले अनेक आजार येत असावेत. त्यामुळे दोहोंना एकच समजणे योग्य होणार नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्य शेम पडण्याच्या लक्षणावरून या आजाराला मोठ्या आतड्याचा दाह समजत. परंतु प्रत्यक्षात दाह सापडत नसे. १९६२ साली ऑक्सफर्ड येथील चौधरी आणि ट्रुलव्ह या वैद्यांनी १३० रुग्णांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९७८ साली ब्रिस्टल येथील मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ लक्षणांवरून हा आजार ओळखता येतो, असे दाखवून दिले. ही फार महत्त्वाची पायरी होती. कारण तोपर्यंत ‘दुसरे काहीच सापडले नाही’ एवढाच या निदानाचा अर्थ होता.

२०१६ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या, ‘रोम निकष’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्यांनुसार मागील तीन महिन्यांत सरासरीने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखत असले पाहिजे. त्याचबरोबर पुढील तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळांची संख्या बदलणे आणि मलाचे स्वरूप बदलणे. तक्रारीची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी. काहींना प्रामुख्याने मलावष्टंभ होतो, काहींना जुलाब होतात, तर काहींना दोन्ही आलटून पालटून होतात. पोट फुगणे, गुडगुडणे, वात सरणे, शेम पडणे आणि शौचानंतरही काही शिल्लक राहिल्याची भावना होणे, ही लक्षणे बहुतेकांत कमीअधिक प्रमाणात आढळतात.

भारतातील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने देशाच्या निरनिराळ्या भागांत केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे चार टक्क्यांना हा आजार असल्याचे आढळले. हे प्रमाण लहान वाटले तरी एवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ काही कोटी माणसे असा होतो. पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या रुग्णांत स्त्रिया अधिक दिसतात. आपल्याकडील रुग्णालयांत मात्र पुरुष अधिक दिसतात. पोटाच्या तक्रारीसाठी स्त्रीला वैद्याकडे नेण्याची तत्परता आपल्या कुटुंबांत कमी असते, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

आतड्याचे काम कोठे बिघडते

लहान आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर आणि मोठ्या आतड्याची सुमारे दीड मीटर असते. अन्न, पाणी आणि पाचकरस मिळून दररोज आठ ते नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातील दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि शेवटी मलाबरोबर केवळ शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. आतड्याच्या भिंतीतील स्नायू ठरावीक लयीत आकुंचन पावून आतील पदार्थ पुढे ढकलतात. ही गती वाढली तर पाणी शोषून घेण्यास वेळ मिळत नाही आणि मल पातळ होतो; ती मंदावली तर जास्त पाणी शोषले जाऊन मल कोरडा व खडेदार होतो.

या हालचालींचे नियंत्रण करणारे मज्जातंतूंचे जाळे आतड्याच्या भिंतीतच असते. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी १८९९ साली असे दाखविले की, बाहेरून येणारे मज्जातंतू तोडले तरी आतड्याची पुढे ढकलण्याची क्रिया चालूच राहते. या जाळ्यात दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असतात. मेंदू आणि हे जाळे यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो, तो याच संबंधामुळे.

क्षोभी आतड्याच्या आजारात या व्यवस्थेत दोन प्रकारचे दोष आढळतात. एक गतीचा, तो वर सांगितला. दुसरा आहे संवेदनेचा आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. रिची या संशोधकाने १९७३ साली मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहानसा फुगा ठेवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगविला. निरोगी माणसांपैकी सुमारे सहा टक्क्यांनाच त्यामुळे दुखले. या आजाराच्या रुग्णांपैकी मात्र निम्म्याहून अधिक लोकांना वेदना झाल्या. जेवल्यानंतर पोटात जो थोडासा वायू सर्वांनाच होतो, तो इतरांच्या गावीही नसतो. रुग्णाला मात्र तो कळा आणतो. रुग्ण राईचा पर्वत करतो असे जे म्हटले जाते ते म्हणूनच अन्यायाचे आहे. त्याच्या आतड्यातून मेंदूकडे जाणारा निरोपच मोठ्या आवाजात जात असतो.

आजाराची सुरुवात कित्येकदा एखाद्या साध्या संसर्गाने होते. जुलाब-उलट्यांचा तीव्र आजार होऊन गेल्यावर साधारण दहांपैकी एकाला ही तक्रार मागे राहते. कॅनडातील वॉकरटन या गावी २००० सालच्या मे महिन्यात पिण्याचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. तेथील रहिवाशांची पुढे अनेक वर्षे तपासणी करण्यात आली. तेव्हा आजारी पडलेल्यांत क्षोभी आतड्याचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे दिसून आले; काळानुसार ते कमीही होत गेले. ज्या देशात दूषित पाण्याने होणारे जुलाब नित्याचे आहेत, त्या देशाने या अनुभवाची विशेष दखल घ्यावयास हवी.

एकदाच, पण नीट तपासणी

आपल्या देशात या आजाराचे निदान करताना एक विशेष काळजी घ्यावी लागते. आतड्याचा क्षयरोग, जिआर्डिया आणि अमीबा या सूक्ष्मजीवांचे संसर्ग, अन्नरसाचे शोषण न होण्याचे विकार हे सारे आपल्याकडे आढळतात आणि आरंभी त्यांची लक्षणे अशीच असू शकतात. गव्हातील ग्लुटेन सहन न होण्याचा सीलियाक हा आजार उत्तर भारतात सुमारे शंभरांत एकाला असतो. त्यासाठी रक्ताची तपासणी आहे. परंतु गहू सोडल्यानंतर ती केल्यास निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य, हा क्रम पाळावा.

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास ते क्षोभी आतड्याचे समजून घरी बसू नये: शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, वारंवार ताप येणे, पंडुरोग, पोटात गाठ लागणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास प्रथमच सुरू झालेली तक्रार आणि कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा सीलियाक आजाराचा इतिहास. यांपैकी काही नसेल, वय कमी असेल आणि रक्ताच्या व मलाच्या साध्या तपासण्या ठीक असतील, तर पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून तपासण्याची सहसा आवश्यकता नसते.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे फार चालतो. शेम पडते म्हणून ‘जुनी आव’ असे नाव देऊन अमीबावरील गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या जातात. काही दिवस बरे वाटते, पुन्हा त्रास सुरू होतो आणि पुन्हा त्याच गोळ्या आणल्या जातात. हा आजार मुळातच चढउताराचा असल्यामुळे मधल्या काळातील आरामाचे श्रेय औषधाला मिळते एवढेच. मलाच्या तपासणीत संसर्गाचा पुरावा नसताना अशा गोळ्या वारंवार घेणे अनिष्ट होय.

मलाचे स्वरूप वैद्याला सांगताना रुग्णाला संकोच वाटतो आणि शब्दही सापडत नाहीत. १९९७ साली ब्रिस्टल येथे तयार झालेला सात प्रकारांचा तक्ता येथे उपयोगी पडतो. लेंड्यांसारखे सुटे, कठीण खडे हा पहिला प्रकार आणि केवळ पाण्यासारखा मल हा सातवा. तिसरा आणि चौथा हे चांगल्या मलाचे प्रकार मानतात. ‘पोट बरोबर नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘गेल्या पंधरवड्यात नऊ दिवस सहावा प्रकार होता’ असे सांगितल्याने वैद्याचे काम पुष्कळ सुलभ होते. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. पाश्चात्त्य ग्रंथांत आठवड्यातून तीनदा शौचाला होणेही स्वाभाविक मानलेले असते. आपल्याकडे बहुतेक निरोगी माणसे रोज एकदा किंवा दोनदा शौचाला जातात. एखाद्या दिवशी झाले नाही तर लगेच जुलाबाचे औषध घेण्याची गरज मात्र नसते.

आहार: अनुभव हाच मार्गदर्शक

पोटाच्या रुग्णाला सल्ला देणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नसते. एक जण दूध सोडण्यास सांगतो, दुसरा गहू, तिसरा डाळी, चौथा सारी फळे. प्रत्येकाचे ऐकणाऱ्या रुग्णाच्या पानात अखेर मऊ भात आणि ताक एवढेच उरते. अशाने वजन घटते, अशक्तपणा येतो आणि जेवणाची भीती वाढते. यास्तव पहिला नियम असा की, पुराव्यावाचून कोणताही पदार्थ कायमचा सोडू नये.

पुरावा मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन आठवड्यांची टाचणवही. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, शौच कितीदा व कोणत्या प्रकारचे झाले, झोप कशी लागली, त्या दिवशी कोणती चिंता होती आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळीचे दिवस कोणते, एवढ्या नोंदी पुरेशा असतात. पुष्कळांना त्यावरून कळते की, दोष एखाद्या पदार्थाचा नसून सकाळी उपाशी राहून दुपारी तीन वाजता घाईने भरपेट जेवण्याचा आहे. तिखट आणि तळलेले पदार्थ, तसेच दिवसभर चालणारे चहा-कॉफीचे पेले हे नेहमीचे अपराधी होत. चहा-कॉफी मिळून तीन पेल्यांवर जाऊ नये.

दुधाची गोष्ट स्वतंत्र आहे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवण्याची शक्ती पुष्कळ प्रौढ भारतीयांत कमी झालेली असते. उत्तरेपेक्षा दक्षिणेत हे प्रमाण अधिक आढळते. अशा व्यक्तीला पेलाभर दुधाने वायू आणि जुलाब होतात, पण दही सहसा सोसते. दोन आठवडे दूध बंद ठेवून फरक पडतो का, हे पाहावे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात या विषयावर पुष्कळ काम झाले आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात जंतूंकडून आंबवल्या जाऊन वायू निर्माण करतात. अशा शर्करांना एकत्रितपणे ‘फॉडमॅप’ असे नाव देण्यात आले आहे. गहू, कांदा, लसूण, राजमा, हरभरा, फुलकोबी, सफरचंद, आंबा, मध आणि दूध यांत त्या अधिक असतात. तांदूळ, ज्वारी, गाजर, काकडी, वांगे, संत्रे आणि पपई यांत कमी असतात. हे पथ्य तीन टप्प्यांचे आहे. प्रथम दोन ते सहा आठवडे हे पदार्थ टाळावेत. नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून परिणाम पाहावा. शेवटी जो खरोखर त्रास देतो तेवढाच मर्यादित ठेवावा. पहिल्याच टप्प्यावर जन्मभर थांबणे ही मोठी चूक होय. शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे करावे.

भारतीय स्वयंपाकाला हे पथ्य वाटते तितके अवघड नाही. कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या जैन आणि वैष्णव घरांत जिरे, कोथिंबीर यांवर रुचकर स्वयंपाक पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. ज्यांना लसणाच्या स्वादाची सवय आहे त्यांनी पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. त्रास देणारी शर्करा पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही, त्यामुळे तेलात केवळ स्वाद उतरतो. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिल्यास वायू कमी होतो. इडली-सांबार खाणाऱ्याने इडली सोडण्याऐवजी सांबारातील कांदा आणि डाळ कमी करून पाहावे. राजमा-भात खाणाऱ्याने भात कायम ठेवून राजम्याचे प्रमाण घटवून पाहावे.

चोथ्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गव्हाचा कोंडा सर्व पोटांना हितकारक असतो, अशी समजूत आहे; या आजारात मात्र त्याने पुष्कळांचा त्रास वाढतो. इसबगोलाचा भुसा अधिक मानवतो. उत्तर गुजरात आणि राजस्थानात हे पीक मोठ्या प्रमाणावर होते आणि मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. इसबगोल पाणी धरून ठेवतो. त्यामुळे कोरडा मल मऊ होतो आणि पातळ मल थोडा बांधला जातो. चमचाभरापासून सुरुवात करून हळूहळू प्रमाण वाढवावे आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी प्यावे.

सकाळ, कचेरी आणि प्रवास

झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. या वेळेचा लाभ घ्यावा. घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी उठण्याऐवजी दीड तास आधी उठले, थोडे खाल्ले आणि शौचासाठी निवांत वेळ ठेवला, तर दिवसाची निम्मी चिंता दूर होते. कुंथत बसू नये आणि ‘अजून थोडे राहिले आहे’ या भावनेपायी पुन्हा पुन्हा जाऊ नये; ती भावना बहुधा संवेदनेच्या दोषातून आलेली असते. याउलट खरी संवेदना झाली असता ती दाबूनही ठेवू नये. मलमूत्रादी तेरा स्वाभाविक वेग अडवू नयेत, यासाठी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक स्वतंत्र अध्यायच आहे.

परंतु वेग न अडवण्यासाठी सोयही असावी लागते. १९०९ साली ओखिलचंद्र सेन या प्रवाशाने बंगालमधील अहमदपूर स्थानकावर घडलेल्या प्रसंगाबद्दल साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला लिहिलेले तक्रारपत्र प्रसिद्ध आहे. फणस खाऊन पोट फुगल्यामुळे ते शौचासाठी उतरले. तेवढ्यात गार्डाने शिटी वाजवली आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते सर्वांसमक्ष पडले. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर लोक आजही हसतात. त्यातील अपमान मात्र क्षोभी आतड्याच्या रुग्णाला अगदी परिचयाचा असतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांत आता शौचकूप असतात. उपनगरी गाड्या आणि साध्या बसगाड्या यांत ते नसतात.

अशा प्रवासासाठी काही साधे नियम उपयोगी पडतात. निघण्यापूर्वीचे जेवण हलके आणि ओळखीचे असावे. मात्र दिवसभर उपाशी राहू नये व पाणी तोडू नये. पुष्कळ स्त्रिया बाहेर सोय नसल्यामुळे असे करतात आणि त्याने मलावष्टंभ व डोकेदुखी वाढते. वाटेवरील स्वच्छ शौचालये माहीत करून घ्यावीत आणि पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड ठेवावा. जुलाबाची तक्रार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याने लोपरामाइडची गोळी जवळ ठेवावी. ताप असताना किंवा रक्त पडत असताना ती घेऊ नये. केवळ गोळी जवळ आहे या जाणिवेनेच कित्येकांची अस्वस्थता कमी होते.

कचेरीत किंवा शाळेत निदान एका विश्वासू सहकाऱ्याला आजाराची कल्पना द्यावी. ‘मला पोटाचा जुना विकार आहे, मधूनच उठून जावे लागते’ एवढे सांगणे पुरे असते. बैठकीत दाराजवळची जागा घ्यावी. लपवण्यात जी शक्ती खर्च होते ती वाचली की पोटावरील ताणही कमी होतो.

मन आणि औषधे

१९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील थॉमस आल्मी या वैद्यांनी डोक्याभोवती पट्टा आवळून निरोगी स्वयंसेवकांना वेदना दिल्या आणि त्याच वेळी त्यांच्या मोठ्या आतड्याचे निरीक्षण केले. आतड्याची आकुंचने वाढलेली त्यांना दिसली. मनावरील ताण आतड्यात प्रत्यक्ष डोळ्यांना दिसेल असा बदल घडवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु ‘तणावाने आजार वाढतो’ आणि ‘आजार मनाचा खेळ आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. चढावर दम्याच्या रुग्णाला धाप लागते, म्हणून चढ हा काही दम्याचे मूळ नसतो.

म्हणूनच या आजारात मनाच्या मार्गाने केलेले उपचारही खरे उपचार असतात. मँचेस्टर येथील व्हॉरवेल यांनी १९८४ साली संमोहनाने तीव्र तक्रारी असलेल्या रुग्णांना आराम पडतो असे दाखविले. विचार आणि वर्तन यांना वळण लावणाऱ्या मानसोपचाराचाही लाभ होतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित व्यायामाने लक्षणे कमी झालेली आढळली. रोज अर्धा तास भरभर चालणे, पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव, सोसतील ती योगासने आणि वेळच्या वेळी झोप, हे सर्वांना जमण्यासारखे आहे.

औषधे आजार मुळापासून घालवत नाहीत, पण ती निरुपयोगीही नाहीत. पेटक्यांसाठी मेबेव्हरिन किंवा डायसायक्लोमिन आणि पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या जातात. अमिट्रिप्टिलीन हे मूळचे नैराश्यावरील औषध अगदी अल्प मात्रेत आतड्याची संवेदना कमी करते. २०२३ साली इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या परीक्षणात ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले. हे औषध लिहून दिले म्हणजे वैद्याने आपल्याला मनोरुग्ण ठरवले, असा अर्थ घेऊ नये. बाजारातील ‘पोट साफ’ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. तिने पोटात मुरडा येऊ शकतो, म्हणून अशी चूर्णे रोजची सवय म्हणून घेऊ नयेत.

कुटुंबाचा आणि समाजाचा वाटा

या रुग्णाला घरातून दोन गोष्टींची अपेक्षा असते: त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवावा आणि त्याच्या पोटाची चर्चा जेवणाच्या पानावर करू नये. सून पंगतीत आग्रहाचा लाडू नाकारते, त्यात यजमानाचा अनादर नसतो. मुलगा परीक्षेच्या सकाळी चारदा शौचाला जातो, तो अभ्यास टाळत नसतो. आग्रह आणि चेष्टा या दोन्ही गोष्टी टाळल्या तर कुटुंब औषधाइतकेच उपयोगी ठरते.

समाजाची जबाबदारी याहून मोठी आहे. कामगारांसाठी सोयीच्या जागी आणि कामाच्या सर्व वेळी वापरता येतील अशी शौचालये असावीत, अशी तरतूद १९४८च्या कारखाने अधिनियमाने केली होती. बाजार, बसस्थानके, शाळा आणि छोट्या कचेऱ्या यांना हाच न्याय लावला गेला, तर असंख्य माणसे, विशेषतः स्त्रिया, निर्धास्तपणे घराबाहेर पडू शकतील. शुद्ध पाणी मिळाले तर पुष्कळांचा हा आजार सुरूच होणार नाही.

रुग्णाने स्वतःपुरते काय करावे, हे थोडक्यात असे सांगता येईल. एकदा जाणत्या वैद्याकडून नीट तपासणी करून घ्यावी आणि धोक्याची लक्षणे पाठ करून ठेवावीत. ती नसतील तर नव्या तपासण्यांच्या मागे लागू नये. टाचणवहीच्या आधारे आपले पथ्य आपण ठरवावे आणि ते जेवढे कमी करता येईल तेवढे करावे. चढउतार होणारच, हे गृहीत धरावे. वाईट आठवडा आला म्हणजे आजार बळावला असे नाही. ज्या सहली, पंगती आणि प्रवास सोडून दिले असतील, त्यांतील सर्वांत सोपा एक या महिन्यात पुन्हा सुरू करावा. तो पार पडला की पुढच्याची तयारी करावी.